वाचकांचे प्रश्न : छोट्या नेटवर्कसाठी प्रोटोकॉल निवडताना

नेटवर्कविषयी आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रोटोकॉल म्हणजे संगणकांनी नेटवर्कवर एकमेकांशी बोलण्याचे ठरलेले नियम. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातली शंका इतर अनेक पत्रांतही या ना त्या रूपाने डोकावते.

प्रश्न : आमच्या कार्यालयात बारा संगणक, दोन प्रिंटर आणि एक फाइल सर्व्हर यांचे नेटवर्क नव्याने उभारायचे आहे. त्यांपैकी एक संगणक बराच जुना असून त्यावरील हिशेबाच्या प्रोग्रामच्या माहितीपुस्तिकेत ‘नेटबीईयूआय किंवा आयपीएक्स प्रोटोकॉल आवश्यक’ असे छापले आहे. एका परिचितांच्या मते छोट्या नेटवर्कला टीसीपी/आयपी म्हणजे नसता बोजा आहे. नेटबीईयूआय हलका आणि वेगवान असतो, शिवाय इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नसल्यामुळे तो सुरक्षितही असतो. आम्ही कोणता प्रोटोकॉल निवडावा?

उत्तर : टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेट ज्यावर चालते तो प्रोटोकॉल, निवडावा आणि त्याच्या जोडीला दुसरा कोणताही प्रोटोकॉल बसवू नये. आपल्या परिचितांनी दिलेली तिन्ही कारणे एके काळी खरी होती. त्यामुळे ती झटकून न टाकता एकेक करून तपासलेली बरी.

आयबीएमने नेटबीईयूआय १९८५ मध्ये आणला, तो एकाच ठिकाणच्या फार तर दोनशे संगणकांसाठी. त्या काळी डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोग्रामला मिळणारी मुख्य मेमरी ६४० किलोबाइट होती आणि नेटवर्कचे सॉफ्टवेअरही बहुधा त्यातच बसवावे लागे; त्याने जितकी जागा अडवावी तितकी कामाच्या प्रोग्रामला कमी पडे. टीसीपी/आयपी तिथे खरोखरच जड वाटत असे. शिवाय पत्ता, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) आणि गेटवे (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता) हे सारे प्रत्येक संगणकावर हाताने भरावे लागे, कारण पत्ते आपोआप वाटणारा डीएचसीपी १९९३ मध्ये आला. नेटबीईयूआयला यांतले काहीच लागत नसे. संगणकाला नाव दिले की काम सुरू होई. आज मेमरी गिगाबाइटांत मोजली जाते, पत्ते राउटर वाटतो आणि ब्राउझर, ईमेल, प्रिंटर या सर्वांना टीसीपी/आयपी लागतोच. म्हणजे नेटबीईयूआय बसवला तरी तो टीसीपी/आयपीची जागा घेणार नाही, त्याच्या शेजारी येऊन बसेल, आणि बोजा कमी होण्याऐवजी वाढेल.

वेगाचा मुद्दा आकड्यांनी तपासता येतो. केबलच्या नेटवर्कवर, म्हणजे इथरनेटवर, माहिती फ्रेम नावाच्या गठ्ठ्यांतून जाते आणि नेहमीच्या फ्रेममध्ये १५०० बाइट मावतात. त्यांतले २० आयपीच्या आणि २० टीसीपीच्या हेडरला (पत्ता, क्रमांक वगैरे नोंदींना) जातात, तेव्हा प्रत्यक्ष माहितीसाठी १४६० उरतात. इथरनेटचे स्वतःचे हेडर, शेवटची तपासणी आणि दोन फ्रेमच्या मधली सक्तीची मोकळीक मिळून आणखी ३८ बाइटांएवढा वेळ जातो. म्हणजे तारेवरच्या १५३८ बाइटांपैकी १४६० कामाचे, साधारण ९५ टक्के. गिगाबिट केबलवर सेकंदाला सुमारे ११८ मेगाबाइट मिळतात ते या हिशेबाने. प्रोटोकॉल कितीही हलका केला, अगदी हेडर शून्यावर आणले, तरी वाचतील ते चाळीस बाइट, तीन टक्क्यांहूनही कमी. फाइल उघडायला वेळ लागत असेल, तर दोष डिस्कमध्ये, वायफायमध्ये किंवा सैल बसलेल्या केबलमध्ये शोधावा.

वायफायचा उल्लेख आला आहे, तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नेटबीईयूआयमध्ये एखाद्या संगणकाचा शोध घ्यायचा, तर साऱ्या नेटवर्कला उद्देशून हाक द्यावी लागते. केबलवर अशा ब्रॉडकास्टचा फारसा त्रास होत नाही. वायफायवर मात्र ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारे यंत्र) ब्रॉडकास्ट फ्रेम सर्वांना समजेल अशा मंद गतीने पाठवतो, कोणी तिची पोच देत नाही आणि हरवली तर ती पुन्हा पाठवली जात नाही. केबलच्या जमान्यात केलेली ही रचना हवेतून चालवणे सोयीचे नाही.

राहिला सुरक्षिततेचा मुद्दा, आणि तिन्हींत तो सर्वांत भुलवणारा आहे. नेटबीईयूआयच्या पॅकेटमध्ये, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यात, नेटवर्कचा पत्ताच नसतो, त्यामुळे राउटर ते पुढे पाठवू शकत नाही, हे खरे आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणक मोडेमने थेट इंटरनेटला जोडलेले असत आणि त्यांच्यापुढे कोणताही फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी व्यवस्था) नसे. त्या वेळी फाइल शेअरिंग टीसीपी/आयपीवरून काढून नेटबीईयूआयवर ठेवणे हा शहाणपणाचा उपाय होता. आता ते काम राउटर आणि प्रत्येक संगणकातला फायरवॉल करतात. आजचा धोका बहुधा ईमेलमधून किंवा एखाद्या डाउनलोडमधून आत येतो आणि आतल्याच एखाद्या संगणकावर चालू होतो. अशा दुष्ट प्रोग्रामला शेअर केलेले फोल्डर जसे आपल्याला दिसतात तसेच दिसतात. खाली कोणता प्रोटोकॉल आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

हे सारे बाजूला ठेवले तरी एक अडचण उरतेच. नेटबीईयूआय विंडोज एक्सपीच्या सीडीवर एका बाजूच्या फोल्डरात, कोणत्याही अधिकृत आधाराविना ठेवलेला होता. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून तो गेला आणि आयपीएक्सही गेला. ज्या नॉव्हेल कंपनीमुळे आयपीएक्स जगभर पसरला, तिनेच १९९८ मध्ये नेटवेअर ५ हे आपले सर्व्हरचे सॉफ्टवेअर केवळ आयपीवर चालेल असे बनवले. ॲपलने आपला ॲपलटॉक हा प्रोटोकॉल २००९ च्या मॅक ओएस एक्स १०.६ मध्ये काढून टाकला. नव्या अकरा संगणकांवर जो प्रोटोकॉल मिळतच नाही, त्याच्या गुणदोषांची चर्चा फार लांबवण्यात अर्थ नाही.

आता माहितीपुस्तिकेतील अटीकडे येऊ. ती अट बहुधा शब्दशः घेण्यासारखी नाही. अशा जुन्या प्रोग्रामांचे सामान्यतः दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारचा प्रोग्राम नेटवर्कविषयी काहीच जाणत नाही. तो ‘एफ’ किंवा ‘झेड’ अशा एखाद्या ड्राइव्हवरची फाइल उघडतो आणि ती फाइल कोणत्या मार्गाने येते हे पाहणे ऑपरेटिंग सिस्टिमचे काम असते. दुसरा प्रकार नेटबायोसचा वापर करणाऱ्यांचा. नेटबायोस म्हणजे प्रोग्रामने नेटवर्ककडे काम मागण्याची पद्धत, आणि नेटबीईयूआय म्हणजे ते काम तारेवरून पार पाडणाऱ्यांपैकी एक. या दोहोंची गल्लत माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांनीही वर्षानुवर्षे केली. नेटबायोस टीसीपी/आयपीवरून कसा चालवावा याचे मानक मार्च १९८७ मध्येच प्रसिद्ध झाले असून विंडोजमध्ये ती सोय नेटवर्क कार्डाच्या टीसीपी/आयपी गुणधर्मांत, विन्स नावाच्या पानावर आहे. ती चालू करून प्रोग्राम आधी टीसीपी/आयपीवर चालवून पाहावा. या दोन्ही प्रकारचे प्रोग्राम बहुतेक वेळा मुकाट्याने चालतात.

प्रोग्राम खरोखरच आयपीएक्सवर अडून बसणारा निघाला, तर तो संगणक मुख्य नेटवर्कमध्ये आणू नये. त्याचा आणि त्याच्याशी बोलणाऱ्या दुसऱ्या जुन्या संगणकाचा एक वेगळा स्विच ठेवावा. तिथे दोन्हीकडे आयपीएक्सचा फ्रेम प्रकार एकच आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे. इथरनेटवर त्याचे चार प्रकार चालत आणि दोन संगणकांवर वेगवेगळे प्रकार निवडले गेले, तर केबल, कार्ड, दिवे सारे ठीक असूनही ते एकमेकांना दिसत नसत.

सर्व संगणकांवर ‘असू द्या, कधी लागेल’ म्हणून दोन-तीन प्रोटोकॉल बसवून ठेवण्याची सवयही याच काळातली आहे. जुन्या विंडोजमध्ये नेटवर्कवरील संगणकांची यादी सांभाळणाऱ्या संगणकाची निवड प्रत्येक प्रोटोकॉलवर स्वतंत्रपणे होत असे. त्यामुळे कोणाला सात संगणक दिसत, कोणाला चार, आणि दोष मात्र केबलला दिला जाई.

प्रश्न : वरीलप्रमाणेच छोटे नेटवर्क आहे. पत्ते हाताने द्यावेत की डीएचसीपीने? आणि १९२.१६८.१ हीच मालिका वापरणे बंधनकारक आहे का?

उत्तर : बंधनकारक नाही, आणि माझ्या मते ती टाळलेलीच बरी. खाजगी नेटवर्कसाठी तीन मालिका राखून ठेवलेल्या आहेत, हा नियम फेब्रुवारी १९९६ चा आहे: १० ने सुरू होणारे सर्व पत्ते (सुमारे १ कोटी ६८ लाख), १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे (सुमारे साडेदहा लाख) आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६. बारा संगणकांना यांतली कोणतीही पुरेल. परंतु बाजारातील बहुतेक राउटर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ या मालिकेवरच बसवून येतात आणि त्यामुळे घरोघरी तीच मालिका असते. उद्या कोणी कर्मचारी घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरून काढलेल्या खाजगी जोडणीने) कार्यालयाच्या नेटवर्कला जोडला गेला, तर त्याच्या घरची आणि कार्यालयाची मालिका एकच निघेल, मग १९२.१६८.१.२० हा घरचा टीव्ही की कार्यालयाचा सर्व्हर, हे त्याच्या संगणकाला ठरवता येणार नाही. सुरुवातीलाच १०.४७.१२ किंवा १७२.२३.५ अशी सहसा कोणी न निवडणारी मालिका घेतली, तर हा घोळ जवळजवळ संभवत नाही. नंतर बदलायची म्हटले, तर प्रत्येक प्रिंटर पुन्हा जोडत बसावे लागते.

राखीव मालिकांच्या बाहेरचा, दिसायला सोपा म्हणून निवडलेला पत्ता मात्र कधीही वापरू नये. कित्येक ठिकाणी १.१.१.१ हा पत्ता आतल्या वापरासाठी दिलेला होता. एप्रिल २०१८ मध्ये त्याच पत्त्यावर क्लाउडफ्लेअर कंपनीची सार्वजनिक डीएनएस सेवा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी) सुरू झाली आणि तशा नेटवर्कांमधून ती वापरता येईना.

डीएचसीपीविषयी सांगायचे, तर सर्वांनाच पत्ते त्याच्याकडून घेऊ द्यावेत, प्रिंटर आणि सर्व्हर यांनाही. त्यांचा पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये त्यांच्या कार्डाच्या भौतिक पत्त्याशी एक ठरावीक आयपी पत्ता बांधून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. प्रिंटरच्या पडद्यावर हाताने भरलेला पत्ता तो भरणाऱ्यालाच आठवत असतो. राउटरमधली नोंद मात्र कोणालाही एका जागी वाचता येते. हाताने दिलेला पत्ता फक्त राउटरला स्वतःला असावा.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. एखाद्या संगणकाने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतलेला दिसला, तर त्याला डीएचसीपी सापडला नाही आणि त्याने नाइलाजाने स्वतःच एक पत्ता निवडला, असे समजावे. अशा वेळी इतर काही बदलण्याआधी केबल आणि राउटर तपासावे. दुसरी गोष्ट अधिक त्रासाची. वायफायचा पल्ला वाढवण्यासाठी कोणीतरी जुना राउटर आणून स्विचला जोडतो आणि त्यातला डीएचसीपी बंद करायचा राहून जातो. मग ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता संगणक घेतो. सकाळी नीट चाललेला संगणक दुपारी पुन्हा चालू केल्यावर इंटरनेटला मुकतो आणि दुसऱ्या दिवशी आपोआप बरा होतो. येणारे-जाणारे असे दुखणे दिसले, तर नेटवर्कमध्ये दुसरा डीएचसीपी आहे का, हे पाहावे.

प्रश्न : आम्हाला आयपीव्ही६ ची गरज नाही. तो सर्व संगणकांवर बंद करून टाकावा का?

उत्तर : करू नये. आयपीव्ही६ ही आयपीची नवी आवृत्ती आहे, आणि वर सांगितलेले पत्ते जुन्या आयपीव्ही४ चे. आपण आयपीव्ही६ चे पत्ते दिले नसले, तरी प्रत्येक आधुनिक संगणकाने एफई८० ने सुरू होणारा एक पत्ता आपल्या कार्डाला आधीच दिलेला असतो आणि शेजारचे संगणक किंवा प्रिंटर शोधताना तो वापरला जातो. मायक्रोसॉफ्टही विंडोजमध्ये आयपीव्ही६ बंद करू नये असेच सांगते. तो चालू ठेवून आयपीव्ही४ ची आखणी वर सांगितल्याप्रमाणे करावी, हे दोन्ही एकत्र नांदतात. एवढे मात्र पाहावे की, आपल्या इंटरनेट सेवेकडून आयपीव्ही६ मिळत असेल, तर राउटरचा फायरवॉल त्यालाही लागू आहे. आयपीव्ही४ मध्ये आतले संगणक एका पत्त्याआड लपलेले असतात, तसे आयपीव्ही६ मध्ये सहसा नसतात.

प्रश्न : सर्व संगणक टीसीपी/आयपीवर आहेत, एकमेकांना पिंगही करतात (म्हणजे हाकेला उत्तर देतात), तरी जुन्या विंडोज एक्सपीच्या संगणकावरील फोल्डर नव्या संगणकांवरून उघडत नाही. प्रोटोकॉल तर एकच आहे, मग असे का?

उत्तर : एकच आहे तो खालचा प्रोटोकॉल. फाइल शेअरिंगसाठी त्याच्यावर एसएमबी नावाचा आणखी एक प्रोटोकॉल चालतो आणि त्याच्या पिढ्या आहेत. एक्सपीला फक्त पहिली पिढी येते. दुसरी व्हिस्टाबरोबर आली, तिसरी विंडोज ८ बरोबर. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला तो विंडोजमधील पहिल्या पिढीच्या हाताळणीतल्या त्रुटीतून, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूतील विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही पहिली पिढी आपोआप बसवणे थांबले. नव्या संगणकावर ती पुन्हा चालू करता येते, आणि बरेच लोक तसे सुचवतात. पण एका जुन्या संगणकाच्या सोयीसाठी सर्व नव्या संगणकांचे दार उघडे ठेवण्याचा हा सौदा मला पटत नाही.

त्यापेक्षा एका नव्या संगणकाला दुसरे नेटवर्क कार्ड बसवून जुना संगणक फक्त त्याच्याशी जोडावा, दोन्ही कार्डांत वेगवेगळ्या मालिका ठेवाव्यात आणि जुन्या संगणकाच्या गेटवेचा रकाना रिकामा सोडावा. फाइलींची ने-आण एफटीपी या फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलने करावी. एक्सपीमध्ये त्याची आज्ञा आधीपासूनच आहे. एफटीपीचा पासवर्ड उघडा जातो हे खरे, परंतु दोनच संगणकांमधल्या एका केबलवर तो ऐकणारे तिसरे कोणी नसते.

अशीच अडचण अलीकडे जुन्या नेटवर्क डिस्कच्या बाबतीतही येते. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती, तिचा होम प्रकार सोडून, एसएमबीच्या प्रत्येक जोडणीत डिजिटल सही मागते, आणि पासवर्डाविना पाहुणा म्हणून मिळणारा प्रवेश तिच्या प्रो प्रकारातही बंद झाला आहे. कालपर्यंत उघडणारी डिस्क संगणक अद्ययावत केल्यावर उघडेनाशी झाली, तर त्या डिस्कवर नाव आणि पासवर्ड असलेले खाते तयार करावे आणि तिचे फर्मवेअर (तिच्या आतले सॉफ्टवेअर) नवे आहे का ते पाहावे. सर्व संगणक लिनक्सचे असतील, तर एनएफएस हा फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल सोपा पडतो. एकही विंडोजचा असेल, तर सर्वत्र एसएमबीच ठेवावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. प्रयोगशाळेतील सहा संगणकांकडून तापमानाच्या नोंदी एका मुख्य संगणकाकडे पाठवणारा प्रोग्राम लिहीत आहे. मार्गदर्शक टीसीपी वापरण्यास सांगतात, मित्र यूडीपी सुचवतात. लोकल नेटवर्कमध्ये पॅकेट हरवतच नसतील, तर यूडीपी का नको?

उत्तर : टीसीपी पोच न मिळालेली माहिती पुन्हा पाठवतो, यूडीपी एकदा पाठवून मोकळा होतो. आणि पॅकेट हरवतात, फक्त ती हरवण्याची जागा वेगळी असते. चांगल्या केबलवर ती क्वचितच गहाळ होतात. मुख्य संगणकावरील तुमचा प्रोग्राम फाइलीत नोंद लिहिण्यात किंवा आलेख काढण्यात गुंतला आणि त्या वेळात सहाही संगणकांनी माहिती पाठवली, तर ऑपरेटिंग सिस्टिमची साठवणजागा भरते आणि पुढची पॅकेट गुपचूप टाकून दिली जातात. त्याची सूचना पाठवणाऱ्याला मिळत नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा की, एखादी नोंद गेली तर चालेल का. पडद्यावर फक्त ताजे तापमान दाखवायचे असेल आणि पुढची नोंद सेकंदाभरात येणारच असेल, तर यूडीपी योग्यच आहे, कारण शिळी नोंद पुन्हा मागण्यात हशील नसते. नोंदी जपून ठेवून त्यांवर निष्कर्ष काढायचे असतील, तर टीसीपी घ्यावा. यूडीपीवर पोच, क्रमांक आणि फेरपाठवणी स्वतः लिहायला घेतली, तर थोड्याच दिवसांत तुमच्या हाती टीसीपीचीच एक कच्ची आवृत्ती पडेल.

टीसीपी घेतल्यावर नवख्यांना दोन ठेचा हमखास लागतात. पहिली ही की, टीसीपीला संदेश ठाऊक नसतात, फक्त बाइटांचा ओघ ठाऊक असतो. तीन पेले पाणी एका हंड्यात ओतल्यावर कोणता पेला कुठे संपला हे हंड्याकडे पाहून सांगता येत नाही, तसेच तीन वेळा पाठवलेली माहिती दुसऱ्या बाजूला एकाच वाचनात येऊ शकते, किंवा एक नोंद दोन वाचनांत तुटून येऊ शकते. एकाच संगणकावर चाचणी करताना हा दोष सहसा दिसत नाही आणि प्रत्यक्ष जोडणीत नेमका उद्भवतो. उपाय साधा आहे: प्रत्येक नोंदीआधी तिची लांबी पाठवावी, किंवा प्रत्येक नोंद ओळीच्या शेवटच्या खुणेने संपवावी, आणि वाचणाऱ्याने पूर्ण नोंद हाती येईपर्यंत बाइट साठवत राहावे.

दुसरी ठेच उशिराची. आधीच्या माहितीची पोच येईपर्यंत लहान लहान तुकडे साठवून एकत्र पाठवण्याची एक युक्ती जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये सुचवली आणि ती बहुतेक सर्व प्रणालींत आपोआप चालू असते. पलीकडची बाजू पोच द्यायला थोडी थांबते, विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत साधारणपणे २०० मिलिसेकंदांपर्यंत. लांबी एका आज्ञेने आणि नोंद दुसऱ्या आज्ञेने पाठवली, तर पाठवणारा पोचेची वाट पाहतो, घेणारा उरलेल्या माहितीची वाट पाहतो आणि प्रत्येक नोंद रेंगाळते. लांबी आणि नोंद एकाच बफरमध्ये ठेवून एकाच आज्ञेने पाठवली, तर हा प्रश्न उद्भवत नाही. त्यानंतरही गरज वाटली, तरच सॉकेटवर ‘टीसीपी नोडिले’ हा पर्याय चालू करावा.

यूडीपीला तुमच्या प्रोग्राममध्ये एक जागा मात्र अवश्य द्यावी. मुख्य संगणकाचा पत्ता सहाही ठिकाणी हाताने लिहून ठेवण्यापेक्षा, प्रत्येक संगणकाने सुरू होताच यूडीपीने ‘मुख्य संगणक कोण’ अशी ब्रॉडकास्ट विचारणा करावी, उत्तर आले की त्या पत्त्यावर टीसीपीची जोडणी करावी, आणि सेकंदाभरात उत्तर आले नाही तर पुन्हा विचारावे. हा संदेश १४७२ बाइटांच्या आत ठेवावा, म्हणजे आयपीचे २० आणि यूडीपीचे ८ बाइट धरून तो इथरनेटच्या एकाच फ्रेममध्ये मावतो आणि त्याचे तुकडे होत नाहीत.